एक तिजोरी, अनेक खिडक्या : सार्वत्रिक आरोग्यसेवेच्या मागणीची चिकित्सा

पारोळा जळगाव जिल्ह्यात असले तरी दुखणे मोठे झाले की इथला माणूस बहुधा धुळ्याची वाट धरतो. महामार्गाने धुळे जवळ पडते, जळगाव लांब. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जुने आहे. जळगावला तसे महाविद्यालय २०१८ साली आले. २ जुलै २०१२ रोजी राज्य सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्या आठांत धुळे होते, जळगाव नव्हते. राज्यभर ही योजना २१ नोव्हेंबर २०१३ रोजी पोचली. मधल्या सोळा-सतरा महिन्यांत महामार्गावरच्या धुळे तालुक्यातील मुकटीच्या रुग्णाला धुळ्याच्या रुग्णालयात जे संरक्षण मिळू शकत होते, ते थोडे पुढे असलेल्या पारोळ्याच्या रुग्णाला त्याच रुग्णालयात मिळू शकत नव्हते. आजार तोच, डॉक्टर तोच. वेगळे होते ते शिधापत्रिकेवरचे जिल्ह्याचे नाव.

ही विसंगती पुढे दूर झाली. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ च्या निर्णयाने उत्पन्नाची अट गेली आणि कुटुंबामागे वार्षिक संरक्षण पाच लाखांवर नेण्यात आले. मग प्रश्न सुटला का? आरोग्यहक्काची चळवळ म्हणते, नाही. तिचे उत्तर बरोबर आहे. मात्र ते उत्तर ती ज्या तऱ्हेने मांडते, त्या मांडणीत एक प्रकरण कच्चे राहिले आहे. प्रस्तुत लेख त्या प्रकरणाविषयी आहे.

जीवनदायी आणि लाभार्थी

इंग्रजीत ज्याला ‘सिंगल पेयर’ म्हणतात त्या पद्धतीचा अर्थ साधा आहे. उपचार कोणीही करो, सरकारी दवाखाना किंवा खासगी डॉक्टर, पैसे एकाच सार्वजनिक तिजोरीतून जायचे. ती तिजोरी करांतून भरायची आणि रुग्णाने खिडकीवर काही मोजायचे नाही. हा विचार आपल्याकडे परका नाही. भोर समितीने १९४६ सालीच म्हटले होते की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. १९८१ साली भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा पर्यायी आराखडा मांडला. त्यामागे कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक यांची मोठी मेहनत होती. २०११ मध्ये डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय तज्ज्ञगटाने स्पष्ट शिफारस केली : सेवेचा खर्च मुख्यतः करांतून करा आणि सरकारच्या वतीने सेवा विकत घेण्याचे काम विमा कंपन्यांकडे देऊ नका.

या शिफारशीला वर्ष व्हायच्या आतच महाराष्ट्राने जीवनदायी योजना सुरू केली, तीही विमा कंपनीमार्फत. हप्ता सरकारने भरायचा, ठरावीक शस्त्रक्रियांच्या यादीप्रमाणे रुग्णालयाला पॅकेज मिळायचे. योजनेची भाषा पाहण्यासारखी आहे. ‘जीवनदायी’ या शब्दात देणारा मोठा आणि घेणारा उपकृत. ‘लाभार्थी’ या शब्दात नागरिक नाही, अर्जदार आहे. ‘पॅकेज’ हा शब्द तर सरळ बाजारातून आलेला. हक्काची भाषा योजनेत कुठे येत नाही, आणि हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. यादीत असलेल्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात भरती झालेल्या माणसाला योजना ओळखते. मधुमेहाच्या रोजच्या गोळीला, बाळाच्या तापाला, कापूस वेचणाऱ्या बाईच्या कंबरदुखीला ती ओळखत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. या खर्चाचा मोठा वाटा औषधांचा आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांचा असतो. योजना नेमकी तिथे नाही.

शिवाय खिडक्या अनेक आहेत. पारोळ्याचे कुटीर रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे. आसपासची प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. धुळ्याचे मोठे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. गिरणीकामगाराला राज्य कामगार विमा, शिक्षकाला वैद्यकीय प्रतिपूर्ती, उरलेल्यांना फुले योजना. तीही कामी आली नाही तर मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आमदारांचे पत्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, ही चांगली गोष्ट. पण तो निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नव्हता. म्हणजे पारोळ्यात जे फुकट, ते पुढे पाठवलेल्या धुळ्यात फुकट असेलच असे नाही. एका माणसाचे एक दुखणे शासनाच्या दोन विभागांत विभागले गेले.

चळवळीने काय केले, काय राहिले

डिसेंबर २००० मधील कोलकात्याच्या जनआरोग्य सभेनंतर देशात जनस्वास्थ्य अभियान उभे राहिले. महाराष्ट्रात त्याचे काम जनआरोग्य अभियान करते. त्याचे श्रेय मोठे आहे. जनसुनवाईत रुग्णांनी स्वतः उभे राहून साक्ष दिली. २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. त्याच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत खानदेशातला नंदुरबार होता. आरोग्य केंद्रात औषध का नाही, हे गावाने अधिकाऱ्याला विचारायचे, ही सवय त्यातून लागली. २०२१ मध्ये राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, त्यामागेही याच मंडळींचा पाठपुरावा होता. डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला यांनी मराठीत आणि इंग्रजीत सातत्याने लिहिले. करांवर आधारलेल्या एकाच तिजोरीची आर्थिक मांडणी रवी दुग्गल यांनी कधीच करून ठेवली आहे.

तरीही तालुक्याच्या मोर्चातल्या घोषणा ऐकाव्यात. डॉक्टर भरा, औषधे द्या, खासगी लूट थांबवा. सगळ्या रास्त. त्यांत दोन प्रश्न मात्र येत नाहीत. पैसे कोण भरणार, आणि गावातल्या छोट्या डॉक्टरचे काय होणार? अहवालात असलेले प्रकरण घोषणेत उतरत नाही. खासगी रुग्णालय चळवळीच्या लिखाणात बहुतेक वेळा आरोपी म्हणून येते. पण पारोळ्यासारख्या गावात खासगी म्हणजे बहुधा एकट्याचा दवाखाना किंवा दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय. कर्ज काढून बांधलेले, उधारी सांभाळणारे. त्याला बाजूला ठेवून सार्वत्रिक सेवा उभी राहणार नाही.

राजस्थानने याचा धडा दिला. २१ मार्च २०२३ रोजी तिथे आरोग्यहक्काचा कायदा संमत झाला, देशातला पहिला. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीचे उपचार आधी करा, रुग्ण देऊ शकला नाही तर सरकार भरपाई देईल, असे कायदा म्हणत होता. पण कोणत्या निधीतून, किती दराने, किती दिवसांत, हे ठरलेलेच नव्हते. एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड झाली आणि पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये वगळण्याचे मान्य झाले. हक्क लिहिला गेला. पैशाचा प्रश्न मोकळा राहिला. त्या मोकळ्या जागेतून हक्कच आखडला.

राज्याने आधी करावे

राज्यांनी हे पेलणे शक्य नाही, हा आक्षेप नेहमीचा. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये घटनेप्रमाणे राज्यसूचीतच आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. कॅनडातही देशाच्या आधी एक प्रांत पुढे झाला. सस्कॅचेवान हा गव्हाच्या शेतकऱ्यांचा प्रांत. तिथे १९४६ साली स्विफ्ट करंट या एका विभागात स्थानिक करांवर सर्वांसाठी डॉक्टर आणि रुग्णालयाची सेवा सुरू झाली. १९४७ मध्ये रुग्णालयाचा खर्च प्रांतभर सार्वजनिक झाला. १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांची सेवाही त्यात आली, तेव्हा डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला. तडजोडीनंतर दवाखाने डॉक्टरांचेच राहिले, बिल मात्र सरकारकडे जाऊ लागले. दहा वर्षांत सगळा देश त्या वाटेने गेला. उलट अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने २०११ मध्ये कायदा केला, पण कराचा आकडा शेवटपर्यंत लांबवला. २०१४ च्या डिसेंबरात पगारावर साडेअकरा टक्के कर लागेल असे दिसल्यावर गव्हर्नरांनीच बेत सोडून दिला. आकडा उशिरा सांगितला की लोकांना तो दगा वाटतो.

आपल्याकडे याहून जवळचे उदाहरण आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली. १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसायकर लावण्यात आला. जमेल तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मुंबईच्या पगारदाराच्या कपातीतून धुळ्या-जळगावच्या बांधावर खडी फुटली, ताली पडल्या. हमीत दोष होते, घोटाळे झाले. पण काम मागणारा माणूस तिथे लाभार्थी नव्हता. कायद्याने त्याचे देणे लागत होते, आणि त्या देण्यामागे नाव असलेला कर उभा होता. २००५ मध्ये देशाने तोच मार्ग धरला.

आरोग्यहक्काच्या चळवळीने आपल्या मागणीत हे प्रकरण घालावे. राज्यात आरोग्याची एकच तिजोरी. तिच्यासाठी नाव असलेला कर आणि त्याचा आकडा पहिल्याच सभेत. छोट्या डॉक्टरला ठरलेला दर आणि तो मिळण्याची मुदत. आणि सुरुवात बाह्यरुग्ण सेवेपासून, हवे तर एखाद्या विभागापासून. खर्च मोठा असेल, शहरी करदाता कुरकुर करेल. ती कुरकुर १९७५ लाही असणारच. आज पन्नास वर्षांनंतरही दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये पगारातून कापले जातात, आणि हा कर मुळात कशासाठी लागला होता हे फारच थोड्यांना आठवते. चळवळीने ते आठवून द्यावे आणि त्याच दमात पुढचा आकडा सांगावा.