संकेतार्थ आणि भविष्यवाणी : स्टीफन एमॉट यांचे 'टेन बिलियन'

शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेबाहेर येऊन लोकांशी बोलावे की नाही, हा वाद जुना आहे. तो बोलताना क्रियापदाचा कोणता अर्थ योजतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. स्टीफन एमॉट यांच्या लेखनाच्या संदर्भात तो विचारणे अगत्याचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधनशाळेत संगणकीय विज्ञानाचे प्रमुख असताना २०१२ साली त्यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट रंगभूमीवर, स्वतःच्या कार्यालयाची प्रतिकृती असलेल्या नेपथ्यात उभे राहून, लोकसंख्या व हवामान यांवर निवेदन केले. केटी मिचेल यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या प्रयोगाचे २०१३ साली 'टेन बिलियन' हे पुस्तक झाले.

या पुस्तकाचा गुण प्रथम मान्य केला पाहिजे. अन्न, पाणी, ऊर्जा, वाहतूक व हवामान हे प्रश्न सुटे नसून एकमेकांत गुंतलेले आहेत, हे एमॉट अल्पाक्षरी शैलीत वाचकाच्या मनावर ठसवितात. शीर्षकातील आकडाही अवास्तव नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० नंतरच्या दशकात सुमारे १०.३ अब्जांवर पोचून पुढे किंचित उतरेल.

दोष आहे तो विधानांच्या स्वरूपात. सध्याचा जननदर टिकला तर शतकाअखेर माणसे २८ अब्ज होतील, असे एमॉट सांगतात. हे विधान संकेतार्थी आहे व त्या अर्थाने खरेही आहे. परंतु त्यातील 'तर' वाचकाच्या स्मरणात राहत नाही, आकडा तेवढा राहतो. ज्या अटीवर आकडा उभा आहे ती अट गेली अर्धशतकभर मोडत आली आहे. १९६० च्या सुमारास जगात दर स्त्रीमागे सरासरी पाच अपत्ये होती. आज ते प्रमाण अडीचच्याही खाली आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा जननदर २.० व महाराष्ट्राचा १.७ आढळला. जी अट पुरी होण्याचा संभव नाही, तिच्यावर भीती उभारणे हे वक्तृत्व होय, गणित नव्हे.

विशेष असे की, २०१३ च्या जानेवारीत 'नेचर' नियतकालिकात एमॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्याच स्वरात लिहिले होते. हवामानाची प्रतिमाने आहेत, तशी समग्र जीवसृष्टीची प्रतिमाने अद्याप नाहीत, ती रचली पाहिजेत, असा तेथील आग्रह होता. पुढे २०१४ साली 'मॅडिंग्ली' हे प्रतिमान प्रसिद्ध झाले, ते याच दिशेने. एकीकडे सृष्टीचे प्रतिमान अजून रचावयाचे आहे हे मान्य करावयाचे, आणि त्याच वर्षी तिचे भवितव्य जवळजवळ निश्चित म्हणून सांगावयाचे, या दोहोंचा मेळ पुस्तकात कोठेही घातलेला नाही.

दुसरा मुद्दा सर्वनामाचा आहे. पुस्तकभर येणारे 'वुई' मराठीत आणू पाहणाऱ्याला 'आपण' आणि 'आम्ही' यांतून निवड करावीच लागेल. इंग्रजीत ही निवड टळते, आणि तिच्याबरोबर जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्नही मागे पडतो. २०२२ साली अमेरिकेत दरडोई कार्बन डायॉक्साइडचे उत्सर्जन सुमारे १५ टन, तर भारतात सुमारे २ टन होते. पाश्चात्त्यांचा उपभोग घटला पाहिजे, हे एमॉट जाणतात. तरी डोकी मोजणाऱ्या शीर्षकाखाली उपभोगाचा हिशेब दुय्यम ठरतो. 'आपण' म्हटले तर दोष सर्वांवर सारखा पडतो; 'आम्ही' म्हटले तर तो वक्त्याकडे परत येतो.

तंत्रज्ञान तारणार नाही व माणसे वर्तन बदलणार नाहीत, या निष्कर्षाशी पुस्तक संपते. पण लोकसंख्येच्या बाबतीत कोट्यवधी कुटुंबांनी आपले वर्तन एका पिढीत बदललेच आहे. लेखकाच्या निराशेला उत्तर त्याच्याच विषयात होते. एमॉट यांनी दाखविलेले संकट खोटे नाही. मात्र ज्याचे शास्त्र 'जर' या शब्दावर उभे आहे, त्याने लोकांपुढे येताना तो शब्द मागे ठेवू नये. तो मागे राहिला, की ऐकणाऱ्याला भय उरते, कर्तव्य उरत नाही.