तोदाइजीचा वैरोचन

जपानमधील नारा येथील तोदाइजी मंदिराची थोरवी बहुधा आकड्यांनीच सांगितली जाते : वैरोचन बुद्धाची कांस्यमूर्ती सुमारे १५ मीटर उंच, आणि तिच्यावरील लाकडी मंदिर सुमारे ४९ मीटर. परंतु भव्यता म्हणजे सौंदर्य नव्हे. निव्वळ शिल्प म्हणून पाहता ही मूर्ती एकसंध नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. मस्तक सतराव्या शतकातील. धडाचा बराचसा भाग बाराव्या शतकातील दुरुस्तीचा. आठव्या शतकातील मूळ काम मुख्यतः कमलासनात उरले आहे. त्या पाकळ्यांवर कोरलेल्या बुद्धलोकांच्या रेषा इतक्या सजीव आहेत, की वरचे मुख त्यांच्यापुढे काहीसे जड वाटते.

मग या मूर्तीपुढे मन नम्र का होते? उत्तर तिच्या इतिहासात आहे. इ. स. ७४३ मध्ये सम्राट शोमू याने मूर्तीचा संकल्प केला, तेव्हा गवताची काडी किंवा मूठभर माती घेऊन येणाऱ्यासही सामील करून घ्यावे, अशी त्याची आज्ञा होती. ७५२ मध्ये नेत्रोन्मीलन झाले ते बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधला होता. तो धरून उपस्थितांनीही त्या पुण्यात वाटा घेतला.

११८० आणि १५६७ मध्ये युद्धाच्या आगीत मंदिर जळाले. १६१० च्या वादळात तात्पुरता निवाराही कोसळला आणि मूर्ती कित्येक दशके ऊनपावसात बसून राहिली. पुढे कोकेइ या भिक्षूने वर्गणी जमविली, आणि १७०९ मध्ये आजचे मंदिर उभे राहिले. उंची राखली, पण ८६ मीटरांची रुंदी ५७ वर आली; त्यामुळे वास्तूचा तोल थोडा ढळला आहे. अखंड खांबांजोगे वृक्ष मिळेनात, म्हणून गाभ्याभोवती फळ्या बसवून त्या लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या. त्या पट्ट्या आजही उघड दिसतात.

आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेस वर्ज्य मानतात; त्या शास्त्राचा अनादर आम्हांस अभिप्रेत नाही. परंतु जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव खांबांवर तैलरंग चढविण्याची आणि जुना दगड चकचकीत फरशीखाली झाकण्याची जी हौस आपल्या देवस्थानांत दिसते, तिने तोदाइजीकडे एकवार पाहावे. तेथे प्रत्येक पिढीने ऐपतीप्रमाणे भर घातली, आणि आगीतून जे वाचले ते जपले. सांधा दिसतो, म्हणून पूर्वजांचा हातही दिसतो.