न्याहारीचं परीक्षण

नाटकाच्या परीक्षकाला फुकट पास मिळतो. न्याहारीच्या परीक्षकाला मात्र आधी पैसे मोजून टोकन घ्यावं लागतं. तेव्हा हे परीक्षण अधिक निःपक्षपाती मानायला वाचकांची हरकत नसावी.

कोथरूडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाश्त्याचं नवं हॉटेल निघालं. पाटीवर ‘अस्सल घरगुती चव’. “घरगुती चवीसाठी घराबाहेर कशाला पडायचं?” असा मी मुद्दा काढला. “अहो, ती चव घरी कोण करतं?” असं विचारून हिने तो निकालात काढला. रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही टोकन क्रमांक ४७ हातात घेऊन उभे!

मिसळीचा कट लालभडक, पण तिखटपणा डोळ्यांपुरताच. जिभेपर्यंत पोचलाच नाही. पुणेरी मिसळीच्या तळाशी पोहे असायचे. इथे फरसाण बाजूला केलं की थेट वाटीच लागली.

साबुदाण्याची खिचडी मोत्यांसारखी सुटी हवी. इथे सगळे मोती एकाच माळेत! साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा आणि मिरची, तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. इतक्या लांबून आपल्या एकादशीला आलेल्या मंडळींना नीट भिजायला, निथळायला वेळ तरी द्यावा!

थालीपीठ मात्र खऱ्या भाजणीचं. धन्यांचा वास, मधल्या भोकातून सोडलेलं तेल, वर लोण्याचा गोळा. पैकीच्या पैकी गुण.

आता पोहे. पोह्यांचं आयुष्य जेमतेम दहा मिनिटांचं. वाफ गेली की ते आवळतात आणि घशाशी येऊन अडून बसतात. म्हणून पहाटेच परात भरून ठेवणाऱ्या हॉटेलातले पोहे खायला पाण्याचा तांब्या जवळ लागतो. इथे चार-चार बशांपुरतेच करत होते. रांग होती ती त्यामुळेच.

हिने पहिला घास घेतला आणि गप्प बसली.

“मीठ कमी आहे का?”

“नाही हो. गरम आहेत.”

घरोघरची वाटणी ठरलेली असते. पहिली वाफ मुलांच्या बशीत, दुसरी वर्तमानपत्राशेजारच्या बशीत; आणि कढईच्या तळाचे गार पोहे, तेही सगळ्यांचा दुसरा चहा गाळून झाल्यावर, करणारीच्या वाट्याला. त्यावर लिंबू पिळलं तरी वाफ काही परत येत नाही. हिने ती बशी सावकाश, कुणासाठीही न उठता संपवली. मग दुसरं टोकन घ्यायला मला पाठवलं.

एकूण अभिप्राय असा : चहा पाणचट, स्टुलं डुगडुगती, मिसळ दुरुस्त करण्याजोगी. तरी जरूर जावं. फक्त मालकांनी पाटीवरचं ते ‘घरगुती’ तेवढं खोडावं. घरी पोहे करणारीला इतके गरम कधीच मिळत नाहीत.