अत्याचाराच्या हकीकती : तपशील आणि साक्ष

खर्डा हे गाव शालेय पाठ्यपुस्तकाला १७९५ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. मराठे आणि निजाम यांच्यातील त्या लढाईवर चार-पाच गुणांचे उत्तर लिहून आपली मुले पुढच्या इयत्तेत जातात. त्याच खर्ड्यात (ता. जामखेड, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या बौद्ध विद्यार्थ्याचा बळी गेला. मारहाणीला सुरुवात शाळेत झाली, तेथून त्याला बाहेर नेण्यात आले, आणि खून करून आत्महत्येचा देखावा करण्यासाठी देह झाडाला लटकवण्यात आला, अशी फिर्याद होती. कारण सांगितले गेले ते असे की, गावातल्या मराठा समाजातील मुलीशी तो बोलत होता. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले. त्यांत शाळेतील मंडळीही होती.

घटना एवढ्या ओळींत सांगता येते. तिच्यावर लिहिले गेलेले मात्र पुष्कळ आहे: बातम्या, अग्रलेख, सत्यशोधन समित्यांचे अहवाल, कविता, गाणी, विद्यार्थ्यांचे निबंध. हे सारे लेखन आपण वाचतो, हळहळतो, संतापतो आणि बाजूला ठेवतो. त्याची समीक्षा होत नाही. विषयच असा आहे की लेखनाविषयी बोलणे अप्रशस्त वाटते. एखाद्या कादंबरीतील अनावश्यक प्रसंगावर आपले समीक्षक पानेच्या पाने लिहितील. पण मारल्या गेलेल्या मुलाच्या हकीकतीत कोणता तपशील का आला आणि तो कोणाच्या सांगण्यावरून आला, हे कोणी विचारत नाही. छावणीच्या परिसरात, नागसेनवनात शिकणारी आपली कितीतरी मुले बीड-जालन्याच्या, जामखेडला लागून असलेल्या गावांतून आलेली असतात. उद्या हीच मुले असे अहवाल लिहिणार आहेत. म्हणून हा प्रश्न आताच विचारलेला बरा.

पहिला तपशील प्रेमाचा. 'प्रेमप्रकरणातून' हा शब्द खर्ड्याच्या बातम्यांत इतका सहज आला की तो कोणी तपासलाच नाही. प्रेम होते की नव्हते, हे सांगू शकणाऱ्या दोघांपैकी एक मारला गेला आणि दुसरी गप्प राहिली. मग हे कोणी सांगितले? गावाने सांगितले, पोलिसांनी गावाकडून ऐकले, वार्ताहराने पोलिसांकडून ऐकले. म्हणजे ज्या गावठाणातून हा राग निघाला त्याच गावठाणाने रागाचे कारणही पुरवले, आणि आपण ते वस्तुस्थिती म्हणून छापले. खैरलांजीतही असेच झाले होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, आणि पहिल्या बातम्यांत 'अनैतिक संबंध' हे कारण होते. जमिनीचा वाद, पोलिसात दिलेली साक्ष, शिकणारी मुले, ताठ मानेने राहणारी आई हे सगळे नंतर, आणि तेही कार्यकर्त्यांच्या पायपिटीमुळे पुढे आले.

मला असे दिसते की 'प्रेमप्रकरण' हा शब्द जातीचे नाव न घेता जातीचे काम करतो. तो खुनाला दोन घरांमधली गोष्ट करून टाकतो. त्यात भर अशी की त्याच वर्षी फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' प्रदर्शित झाला होता, आणि खर्ड्यावर लिहिणाऱ्या अनेकांना जब्या आठवला. आठवण स्वाभाविक आहे. पण जब्याच्या मनातले आपल्याला ठाऊक आहे, कारण दिग्दर्शकाने ते आपल्यासाठी रचले. खर्ड्याच्या मुलाच्या मनातले आपल्याला ठाऊक नाही. एकाचे मन दुसऱ्याला उसने दिले की लेख भावपूर्ण होतो खरा. त्यात खरा मुलगा मात्र राहत नाही.

नावांचा प्रश्न याहून अवघड आहे. अमेरिकेत शाळांमध्ये गोळीबार करणाऱ्यांचे नाव आणि छायाचित्र छापू नये, अशी तेथील काही मृतांच्या पालकांची मागणी आहे. २०१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसे मारली गेली, तेव्हा तेथील पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचे नाव उच्चारणार नाही असे संसदेत सांगितले. त्या मागणीमागे कारण आहे. तो मारेकरी एकटा असतो, त्याला कीर्ती हवी असते, आणि वर्तमानपत्र ती देते. आपल्याकडचे चांगल्या मनाचे संपादकही आता हा दंडक सांगू लागले आहेत. तो येथे जसाच्या तसा चालणार नाही. आपल्याकडे मारणारा एकटा नसतो आणि त्याला नाव नको असते. 'जमाव', 'काही तरुण', 'गावगुंड', 'अज्ञात इसम' या शब्दांआड तो सुखाने राहतो. नाव न छापण्याने त्याचे काही जात नाही. उलट गावाची सोय होते.

जातीच्या उल्लेखाचा खेळ पाहायचा तर त्याच न्यायालयातली दोन प्रकरणे पाहावीत. जुलै २०१६ मध्ये कोपर्डी येथे एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. ती मराठा होती, आरोपी दलित होते. आरोपींची जात पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक झाली. ९ ऑगस्ट २०१६ रोजी आपल्याच शहरात क्रांती चौकातून पहिला मूक मोर्चा निघाला, आणि पुढे या मोर्चांच्या मागण्यांत कोपर्डीच्या न्यायाबरोबर ॲट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणीही होती. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी कोपर्डीचे आरोपी दोषी ठरले, २३ ला खर्ड्याचे आरोपी सुटले, २९ ला कोपर्डीच्या दोषींना फाशीची शिक्षा सुनावली गेली. अकरा-बारा दिवसांत एका इमारतीत हे सारे घडले. ही तुलना आपल्या लेखनात यायलाच हवी. पण तपास, सरकारी लक्ष आणि साक्षीदारांचे धैर्य यांची तुलना म्हणून. एका मेलेल्या लेकराला दुसऱ्याविरुद्ध तराजूत घालणारे लेखही आपल्या बाजूने लिहिले गेले. ते वाचून मान खाली जाते.

आता साक्षीकडे वळू. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला. दुकानातल्या गोऱ्या बाईकडे पाहून शीळ घातली, असा आरोप होता. केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने दोघा आरोपींना सोडले. एका गुन्ह्यासाठी पुन्हा खटला होऊ शकत नाही हे ठाऊक असल्याने, १९५६ च्या जानेवारीत त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. पुढे कित्येक वर्षे त्या रात्रीची हकीकत म्हणून लोक तेच वाचत राहिले. त्यात मुलगा उद्धट आणि बढाईखोर आहे. मारणारे जणू नाइलाजाने मारतात. इतर सहभागी माणसे त्यातून गळालेली आहेत. कबुली खरी होती, तरी हकीकत मारणाऱ्यांच्या सोयीची होती. खर्ड्याशी या प्रकरणाचे साम्य मी मुद्दाम दाखवण्याची गरज नाही.

पोलिसांपुढची जबानी, दंडाधिकाऱ्यापुढची जबानी, न्यायालयातली साक्ष आणि चहाच्या टपरीवर ऐकलेले बोलणे यांत फरक असतो. आपले अहवाल हा फरक पुष्कळदा पुसतात. 'ग्रामस्थांनी सांगितले' या दोन शब्दांत गावठाण आणि वस्ती दोन्ही बसवली जातात! अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारले. ती दोन मुले लांब काळे कोट घालणाऱ्या, इतरांनी छळलेल्या एका टोळीतली होती, ही गोष्ट जगभर गेली. डेव्ह कलन यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की ती खरी नव्हती. वाचलेली मुले ती गोष्ट सांगत होती हे खरे. पण त्यांतली कित्येक ती दूरचित्रवाणीवर ऐकून सांगत होती. शाळेतल्या मुलाने सांगितले म्हणजे त्याने पाहिले, असे होत नाही. हे आपल्या सत्यशोधन समित्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

आणि निकाल? आपले पुष्कळसे लेखन २०१४ च्या मोर्चापाशी थांबते. २०१७ चा निकाल त्यात येत नाही, किंवा 'न्यायालयानेही न्याय दिला नाही' या एका वाक्यात आटोपतो. निर्दोष सुटलेल्या माणसांना नावाने खुनी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो कायदा आपलाही आहे, बाबासाहेबांच्या घटनेतूनच आलेला आहे. पण निर्दोष मुक्ततेमुळे तो मुलगा जिवंत होत नाही. मग प्रश्न उरतो तो साक्षीदारांचा. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे स्वतंत्र कलम, १५अ, घातले गेले आणि ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. खर्ड्याचा निकाल त्यानंतरचा आहे. ज्याला खर्ड्यावर लिहायचे आहे त्याने निकालपत्र मिळवून कोणता साक्षीदार कोणत्या प्रश्नावर मागे फिरला हे पाहावे. फितूर झालेल्याला शिव्या देणे सोपे असते. तो कोणाच्या शेतावर, कोणाच्या उधारीवर, कोणाच्या संस्थेत जगतो, हे शोधायला वेळ लागतो.

येथे आपल्यासारख्या मास्तर मंडळींचाही संबंध येतो. शाळेच्या आवारात घडलेल्या गोष्टीची हकीकत लिहायची तर हजेरीपट, वेळापत्रक, तास कोणता आणि तो कोणाचा, फाटकावर कोण होते, या गोष्टी आधी हव्यात. मुलाच्या मोबाइलमध्ये काय होते हे विचारणारे अनेक भेटतात. त्या वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीत कोण बसले होते, हे विचारणारे थोडे. मला वाटते, शिक्षकाने शिक्षकाविरुद्ध लिहू नये असा जो अलिखित नियम आपल्या व्यवसायात आहे त्याचा हा परिणाम असावा.

खैरलांजीचा निकाल या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली; २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली. पण ॲट्रॉसिटी कायदा दोन्ही न्यायालयांनी लागू मानला नाही. म्हणजे खून सिद्ध झाला आणि जात गळाली. केवळ निकालपत्र हाच पुरावा मानणारा इतिहासकार उद्या लिहील की खैरलांजी हे वैयक्तिक वैराचे प्रकरण होते.

म्हणूनच मी गाण्याला साक्षीतून बाद करत नाही. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे 'जयभीम' म्हणत मेले, हे आपल्या शाहिरांनी मराठवाडाभर नेले. ते गाणे नसते तर ते नाव आज कोणाला ठाऊक असते? गाणे हे लोकांनी काय धरून ठेवले याचा पुरावा आहे. जखमा किती आणि कुठे, याचा पुरावा शवविच्छेदनाच्या कागदात असतो. आपले तरुण कवी गाण्याकडून कागदाचे काम करून घेऊ पाहतात, आणि मग कवितेत सळ्या, चटके, हाडे यांची यादी होते. ही यादी वाचून सवर्ण वाचक शहारतो आणि विसरतो. वस्तीतली आई मात्र आपल्या मुलाला शाळेत पाठवताना तीच आठवते. टिलच्या आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली आणि छायाचित्रे छापू दिली. निर्णय आईचा होता. खैरलांजीच्या मृतदेहांची छायाचित्रे आपण फलकांवर लावली, तेव्हा भैयालाल भोतमांगे यांना कोणी विचारले होते का?

कोपर्डीच्या मुलीचे नाव कायद्याने छापता येत नाही, आणि ते योग्यच आहे. खर्ड्याच्या प्रकरणातल्या मुलीला मात्र तसे कोणतेच संरक्षण मिळाले नाही. तिच्या नावाची, घराची, वयाची चर्चा झाली. आपल्या बाजूच्या काही भाषणांतही झाली. तीही त्या वेळी शिकणारी मुलगी होती. कोणी तरी तिची मुलाखत घेऊन 'सत्य' बाहेर काढावे, असे अजून अधूनमधून सुचवले जाते. तिने स्वतःहून बोलायचे ठरवले तर ऐकायला आपण असावे. तोपर्यंत तिच्या दारात वही घेऊन कोणी जाऊ नये.