रिकामी घरं भरपूर, राहायला घर नाही: आयर्लंडच्या '७१ लाखां'ची तपासणी

२०२३ च्या जूनमध्ये आपल्याकडच्या बऱ्याच न्यूज पोर्टल्सवर एक बातमी फिरत होती. आयर्लंडच्या एखाद्या सुंदर बेटावर राहायला जा, तिथलं सरकार तुम्हाला ७१ लाख रुपये देईल, असा तिचा अर्थ. सोबत हिरवं कुरण, दगडी घर आणि निळा समुद्र. ही बातमी अजूनही दर काही महिन्यांनी कुणीतरी फॉरवर्ड करतं. आपल्याकडून आयर्लंडला जाणारे विद्यार्थी, नर्सेस, आयटीवाले पुष्कळ आहेत. डब्लिनमध्ये एक खोली मिळवताना काय होतं हे त्यांना विचारा. अशा माणसाला 'शहरात घर नाही ना, मग गावाकडे जा, वर पैसेही मिळतील' हे वाक्य फारच आकर्षक वाटतं.

म्हणून आज या बातमीची आणि तिच्यामागच्या कल्पनेची नीट चिरफाड करू. कल्पना अशी: शहरात घरांची टंचाई आहे, गावाकडे घरं रिकामी आहेत, तर माणसं इकडून तिकडे हलवा, दोन्ही प्रश्न सुटले. ऐकायला चोख. पण यात मोजमापाचा एक घोळ आहे, आणि तो फक्त बातमीदारांनी केलेला नाही.

बातमीत काय होतं आणि योजनेत काय आहे

आयर्लंड सरकारने जून २०२३ मध्ये बेटांसाठी दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं. पूल किंवा रस्त्याने मुख्य भूमीशी न जोडलेली साधारण तीस बेटं, त्यांवर सगळी मिळून सुमारे तीन हजार माणसं. धोरणात ८० कृती आहेत: बोटसेवा, इंटरनेट, शाळा, दवाखाने, पाणी, आणि त्यात घरंही.

पैशाचा भाग मात्र मुळात बेटांचा नव्हताच. रिकाम्या घरांच्या दुरुस्तीसाठीचं अनुदान देशभर २०२२ पासूनच सुरू होतं. मे २०२३ मध्ये त्याची मर्यादा वाढून रिकाम्या घराला ५० हजार युरो आणि पडक्या घराला ७० हजार युरो झाली. बेटांवर सिमेंटची गोणीसुद्धा बोटीने न्यावी लागते, म्हणून तिथे वीस टक्के जास्त: ६० हजार आणि ८४ हजार. या ८४ हजारांचे बातम्यांत कुठे ८० हजार झाले, त्याला तेव्हाच्या दराने गुणलं, की आले ७१ लाख.

आता अटी बघा. घर तुमच्या मालकीचं हवं, म्हणजे आधी ते स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचं. ते २००८ च्या आधी बांधलेलं आणि निदान दोन वर्षं रिकामं असायला हवं. पैसे फक्त दुरुस्तीसाठी, आणि तेही काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर. घरात स्वतः राहायचं किंवा ते भाड्याने द्यायचं. पाच वर्षांच्या आत विकलंत तर सगळी रक्कम परत, पाच ते दहा वर्षांत विकलंत तर पाऊण रक्कम परत. आणि व्हिसाशी या योजनेचा काडीचाही संबंध नाही.

थोडक्यात, हे स्थलांतराचं बक्षीस नाही, घरदुरुस्तीचं अनुदान आहे. बातमीने कर्त्यालाच बदललं. योजना 'घराला' पैसे देते, बातमी म्हणाली 'माणसाला' देते. इथपर्यंतची टीका सोपी आहे, आणि ती तेव्हाही काहींनी केली होती. मला पुढच्या भागात जास्त रस आहे.

जुळणारे आकडे

आयर्लंडची जनगणना ३ एप्रिल २०२२ ला झाली. लोकसंख्या ५१ लाखांच्या वर गेली. १८५१ नंतर पहिल्यांदाच ती ५० लाखांच्या पुढे होती. त्या रात्री देशात १,६६,७५२ घरं रिकामी होती. सुट्टीसाठी ठेवलेली घरं यात धरलेली नाहीत, ती आणखी सुमारे ६६ हजार.

मे २०२४ मध्ये तिथल्या हाउसिंग कमिशनचा अहवाल आला. त्यांच्या अंदाजाने २०२२ मध्ये देशात २,१२,५०० ते २,५६,००० घरांची कमतरता होती.

आता बेरीज करा. रिकामी आणि सुट्टीची घरं मिळून साधारण २ लाख ३३ हजार, बरोबर टंचाईच्या पट्ट्यात बसणारा आकडा! म्हणजे कागदावर प्रश्न सुटलाच, फक्त किल्ल्या वाटायच्या बाकी. इतके सुबक जुळणारे आकडे दिसले की आमच्या लॅबमध्ये पहिला प्रश्न येतो: हे मोजलं कसं?

एकच देश, तीन मोजमापं

जनगणनेचा प्रगणक दारावर जातो, पुन्हा जातो, शेजाऱ्यांना विचारतो आणि मग घर रिकामं ठरवतो. या पद्धतीत विक्रीला काढलेलं घर, जुना भाडेकरू गेलाय आणि नवा यायचाय असं घर, दुरुस्ती चालू असलेलं घर, सगळं 'रिकामं'. तो एका वेळचा फोटो आहे. दर आला साधारण ८ टक्के.

दुसरी पद्धत टपालाची. पोस्टमनच्या माहितीवर आधारलेल्या पत्त्यांच्या यादीवरून रिकामी घरं मोजली तर दर साधारण ४ टक्के, घरं ८० हजारांच्या आसपास.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने विजेचे मीटर तपासले. सलग चार तिमाह्या ज्या घरात वापर अगदी नगण्य, ते रिकामं. इथेही दर ४ टक्क्यांच्या आसपासच येतो.

म्हणजे 'रिकामं' या शब्दाची व्याख्या बदलली की निम्मी घरं गायब होतात. यातलं कुठलंच मोजमाप खोटं नाही. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतो. एक गोष्ट मात्र सगळ्यांत सारखी दिसते: रिकामेपणाचा दर पश्चिमेकडच्या ग्रामीण भागात, लेट्रिमसारख्या काउंटीत जास्त आणि डब्लिनच्या आसपास कमी. घरं जिथे रिकामी आहेत तिथे नोकऱ्या नाहीत. नोकऱ्या जिथे आहेत तिथे घरं नाहीत.

एकूण आणि उपलब्ध

मी मातीच्या रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, तर उदाहरणही तिथलंच देते. कोकणच्या जांभ्या मातीत एकूण फॉस्फरस, म्हणजे स्फुरद, मोजा. आकडा बऱ्यापैकी येतो. तरी पिकाला तो मिळत नाही, कारण लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी त्याला घट्ट धरून ठेवलेलं असतं. म्हणून मृदा आरोग्य पत्रिकेवर 'एकूण स्फुरद' नसतो, 'उपलब्ध स्फुरद' असतो. शेतकऱ्याला दुसऱ्या आकड्याशी देणंघेणं आहे. आणि गंमत म्हणजे काळ्या मातीत हाच स्फुरद कॅल्शियमने धरलेला असतो, त्यामुळे चाचणीही वेगळी आणि उपायही वेगळा.

घरांचं तसंच आहे. जनगणनेने मोजली ती 'एकूण' रिकामी घरं. गावाकडे राहायला जाणाऱ्याला हवं असतं 'उपलब्ध' घर. मधे कुलपं आहेत, आणि ती एकाच प्रकारची नाहीत.

जिथे कारण नोंदवता आलं त्या घरांत सगळ्यात मोठा गट भाड्याच्या घरांचा होता. त्यानंतर सुमारे २७ हजार घरांचे मालक वारलेले होते, आणि साधारण २३ हजारांत दुरुस्ती चालू होती. पहिला आणि तिसरा गट बराचसा आपोआप भरणार. मधला गट खरा अडकलेला. वारसाहक्काची कागदपत्रं अपुरी, भावंडं तीन देशांत, एकाला विकायचंय, दुसऱ्याला आईची आठवण म्हणून ठेवायचंय. २०१६ मध्येही रिकामी आणि २०२२ मध्येही रिकामी अशी सुमारे ४८ हजार घरं निघाली. म्हणजे एकूण रिकाम्या घरांपैकी तीन-दशांशच्या आत. मुरलेला रिकामेपणा तो हा.

आता अनुदान यातलं कुठलं कुलूप उघडतं? फक्त एक: मालक आहे, इच्छा आहे, पण दुरुस्ती परवडत नाही. ते कुलूप खरं आहे, त्यामुळे योजना वाईट म्हणता येणार नाही. पण पैसे काम झाल्यावर मिळतात. म्हणजे ज्याच्याकडे आधी खर्च करायला रक्कम आहे त्यालाच फायदा. शहरात भाडं भरून दमलेल्या जोडप्याकडे नेमकी तीच नसते. वारसांची भांडणं, सुट्टीची घरं, भाड्याने देण्यातली मालकाची धास्ती, यांना अनुदान हातही लावत नाही. स्वतः नवं घर बांधू म्हटलं, तर अनेक ग्रामीण भागांत परवानगीसाठी त्या गावाशी नातं किंवा तिथे राहण्याची गरज सिद्ध करावी लागते.

डोनेगलजवळच्या ॲरनमोर बेटाचं उदाहरण घ्या. वस्ती पाचशेच्या आत. २०१९ मध्ये तिथे चांगलं इंटरनेट आणि काम करायला सामायिक जागा झाली, आणि बेटावरच्या लोकांनी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना खुली पत्रं लिहिली: या, इथून काम करा. जगभर बातम्या झाल्या. इंटरनेटचं कुलूप उघडलं होतं. पण पत्र वाचून बोटीतून उतरणाऱ्याला पहिल्या दिवशी लागतं ते भाड्याचं घर, आणि ते केबल टाकून तयार होत नाही.

माणसं हलली की टंचाई हलते का?

यावर चांगलं संशोधन अमेरिकेत झालंय, कारण कोविडने तिथे नकळत एक मोठा प्रयोगच घडवला. दोन अभ्यास सांगते.

पहिला अर्जुन रमाणी आणि निकोलस ब्लूम यांचा, २०२१ चा. टपाल खात्याकडचे पत्ताबदल आणि घरांच्या किमती वापरून त्यांनी दाखवलं की मोठ्या शहरांच्या मध्यातून माणसं बाहेर पडली खरी, पण बहुतेक जण त्याच शहराच्या उपनगरांत थांबले. त्यांनी याला डोनटची उपमा दिली: मधे भोक, कडेला फुगवटा. 'लोक शहरं सोडून खेड्यात चालले' ही त्या काळातली लाडकी हेडलाइन त्यांच्या आकड्यांत फारशी दिसत नाही.

दुसरा जॉन मॉन्ड्रॅगन आणि योहानेस वीलँड यांचा, २०२२ चा. नोव्हेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२१ या काळात अमेरिकेत घरांच्या किमती २३.८ टक्के वाढल्या. त्यातली निम्म्याहून जास्त वाढ घरून काम करण्यामुळे झाली, असा त्यांचा निष्कर्ष. माणसांच्या स्थलांतराचा परिणाम वेगळा काढूनही हे उरतं. का? कारण घरून काम करणाऱ्याला एक खोली जास्त लागते. म्हणजे मागणी नुसती इकडून तिकडे जात नाही, ती एकूणच वाढते.

हे अमेरिकेचं आहे, आयर्लंडला जसंच्या तसं लावता येणार नाही. तिथली शहरं वेगळी, जमिनीचे नियम वेगळे. पण तर्क लागू होतो. शहरातला पगार घेऊन कुणी लहान गावात आलं आणि तिथे विकायला तीनच घरं असली, तर चौथा माणूस बहुतेक त्याच गावातला तरुण असतो, आणि तोच बाहेर पडतो. टंचाई सुटत नाही, तिचा पत्ता बदलतो.

हे वाचून कोकण आठवलं असेल तर बरोबरच

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांमध्ये गणपती-शिमग्यालाच उघडणारी घरं सगळ्यांनी पाहिलीत. सातबाऱ्यावर बारा नावं, त्यातले चार मुंबईत, दोघं हयात नाहीत, आणि सही मात्र सगळ्यांची लागते. त्याच वाडीत बदलून आलेल्या शिक्षिकेला भाड्याने घर मिळवताना घाम फुटतो. २०११ च्या जनगणनेत भारताच्या शहरांतच सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती, आणि याच देशात घरटंचाईची चर्चा चालू होती. उद्या कुणी 'कोकणातल्या बंद घरांसाठी अनुदान' जाहीर केलं तर टाळ्या वाजवण्याआधी विचारायला हवं: हे दुरुस्तीचं कुलूप आहे की वाटणीचं?

मूळ बातमीवर आणि बऱ्याच अंशी धोरणाच्या चर्चेवर माझा आक्षेप हाच आहे. दोघंही एकूण आकडा दाखवून उपलब्धतेचं आश्वासन देतात. काळ्या मातीचा उपाय जांभ्या मातीवर करून स्फुरद सुटत नाही, तसं प्रत्येक कुलपाला पैशाची किल्ली लागत नाही. काहींना वारसांच्या कागदपत्रांसाठी स्वस्त कायदेशीर मदत लागेल, काहींना रिकामेपणावर कर, काहींना भाडेकरार पाळला जाईल याची खात्री. आणि काही घरं कधीच उघडणार नाहीत, हे गृहीत धरून नवी बांधावी लागतील.

तेव्हा अशी बातमी पुढच्या वेळी ग्रुपवर आली की चार गोष्टी बघा. पैसे माणसाला मिळतात की घराला? आधी मिळतात की नंतर? 'रिकामं' कसं मोजलंय? आणि त्या गावात आज, या महिन्यात, भाड्याने मिळू शकणारी घरं किती? चौथ्याचं उत्तर बातमीत जवळपास कधीच नसतं. एजंटला पैसे देण्याआधी किंवा नोकरी सोडण्याआधी ते मिळवा. ७१ लाखांच्या आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.