मुरवलेली बेगमी

पिका हा मूठभर प्राणी. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, कान गोल, शेपूट बाहेरून दिसतच नाही. बघणारा हटकून उंदीर म्हणतो, पण गोत्र सशाचं. उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात, झाडांची हद्द संपते तिथल्या दगडांच्या खचात अमेरिकन पिका राहतो. वर्षातले बरेच महिने तिथे बर्फ. तरी हा पठ्ठ्या शीतनिद्रा घेत नाही. हिवाळ्याची त्याची सगळी भिस्त दगडांखाली रचलेल्या गंजीवर.

ती गंजी रचण्यातच त्याची खरी कारागिरी. उन्हाळ्यात तो जवळच्या कुरणात जातो, देठ मुळापासून कुरतडतो आणि फुलापानांची जुडी तोंडात आडवी धरून दगडांवरून उड्या मारत परततो. अशा खेपांवर खेपा. ऊन चढलं की कपारीत दडी, कारण उष्णता त्याच्या जिवावर बेतते. शेजाऱ्याच्या गंजीवर डल्ला मारायलाही त्याची ना नसते.

पण रस आहे तो निवडीत. जागच्या जागी खायचं तेव्हा तो सौम्य पानं खातो. गंजीसाठी मात्र अल्पाइन ॲव्हेन्ससारखी फिनॉलयुक्त, पचायला घातक पानं आवर्जून वेचतो. कोलोरॅडोतल्या पिकांवर डेनिस डिअरिंग यांनी केलेल्या अभ्यासातून, 1997 मध्ये, याचा उलगडा झाला. फिनॉलमुळे जिवाणूंना आळा बसतो, साठा कुजत नाही. महिने लोटतात तसं ते विष उतरतं आणि पानं खाण्याजोगी होतात. लोणच्यासारखी मुरू द्यायची, मग काढायची. आज जे पान बाधतं तेच टिकतं, हे हेरूनच जणू गंजीचा बेत आखलेला.

बर्फही असाच कामाला लावलेला. वर जाड थर असेल तर खाली दगडांत कडाक्याची थंडी उतरत नाही. थर विरळ पडला की पिका गारठतो. म्हणजे हिवाळा सौम्य झाला तर त्याचं भलंच होईल, हा आपला हिशेब इथे चुकतो.

चोपत्याहून तुंगनाथला चढणाऱ्या मराठी ट्रेकरना दगडांत पळताना दिसतो तो याचा भाऊबंद, रॉयलचा पिका. तो गंजी क्वचितच रचतो. सगळ्या पिकांच्या अंगी हे कसब सारखं नाही. रॉकीतल्या हिवाळ्याने ते घासूनपुसून घेतलं आहे.