मतदार यादीत एक, मुकादमाच्या वहीत अर्धी

पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये काही पुस्तकं न वाचताही पाठ असतात. डॅरन असेमोग्लू आणि जेम्स रॉबिन्सन यांचं ‘व्हाय नेशन्स फेल’ (2012) हे त्यातलं एक. निबंधाच्या पेपरात ‘सर्वसमावेशक संस्था’ आणि ‘शोषक संस्था’ हे शब्द योग्य जागी पेरले की उत्तराला वजन येतं, असं सीनियर सांगतात. 2024 मध्ये या दोघांना सायमन जॉन्सन यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि वजन आणखी वाढलं. मीही हे शब्द बरेच वापरले. मग एकदा ते आपल्या साखर कारखान्याला लावून पाहिले आणि अडलो.

आधी पुस्तकाचं श्रेय पुस्तकाला देऊ. सुरुवात नोगालेस या शहरापासून होते. मधोमध कुंपण, उत्तरेचा भाग अमेरिकेत, दक्षिणेचा मेक्सिकोत. हवा तीच, माणसांचे पूर्वज तेच, जेवणही बरंचसं तेच. तरी एका बाजूला उत्पन्न, शिक्षण, आरोग्य सगळं चांगलं आणि दुसऱ्या बाजूला हाल. लेखक म्हणतात, फरक आहे संस्थांचा. मालमत्तेला संरक्षण, धंद्यात उतरायची मोकळीक आणि सत्तेवर अंकुश जिथे बहुतेकांना मिळतो, तिथे देश पुढे जातो. जिथे मूठभर लोक बाकीच्यांचं ओरबाडतात, तिथे तो अडकतो. गरिबीचं खापर हवामानावर किंवा ‘आमच्या लोकांची मानसिकताच तशी’ यावर फोडायची सवय या पुस्तकाने अनेकांची मोडली. हे मोठं काम आहे.

पण पाचशेहून अधिक पानांच्या या पुस्तकात ‘संस्था’ म्हटलं की डोळ्यांपुढे मुख्यतः कायदा, संसद, पेटंट, न्यायालय येतं. त्यांच्या आधी, 1990 मध्ये, डग्लस नॉर्थ यांनी जास्त रुंद व्याख्या केली होती. संस्था म्हणजे लिहिलेले नियम, न लिहिलेले संकेत आणि ते दोन्ही पाळायला लावणारी यंत्रणा, अशी तिची मांडणी. यातला मधला भाग ‘व्हाय नेशन्स फेल’मध्ये पातळ होतो. संस्कृतीने सगळं समजावणारा सिद्धान्त बाद करताना, लेखकांनी न लिहिलेल्या नियमांनाही बरंचसं त्याच्याबरोबर बाहेर काढलं आहे.

आता कारखान्याकडे येऊ. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950 च्या अखेरीस त्याचं गाळप सुरू झालं. कल्पना साधी आणि धाडसी होती : कारखान्याचे मालक शेतकरीच. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला, दोघांना एकेकच मत. पुढे पश्चिम महाराष्ट्रात असे कारखाने उभे राहिले, त्यांच्याभोवती शाळा, कॉलेजं, दवाखाने, पतसंस्था आल्या. लहान शेतकऱ्याला सावकार आणि खासगी मिलमालक यांच्यापलीकडे जागा मिळाली. असेमोग्लू-रॉबिन्सन यांच्या कसोटीवर ही पक्की सर्वसमावेशक संस्था ठरते. लेखी नियमही भक्कम आहेत. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासकट.

पण ज्याच्या घरी ऊस आहे त्याला विचारा. ऊस लागणीच्या नोंदीप्रमाणे, क्रमाने तुटायला हवा. प्रत्यक्षात कुणाच्या फडात टोळी आधी पडेल, हे तुम्ही कोणत्या पॅनेलचे यावरही ठरतं. विरोधी गटातल्याच्या उसाला तुरा येतो, वजन घटतं, पण नियम मोडल्याचा कागद कुठेच सापडत नाही. तोड लवकर हवी तर ‘खुशाली’ द्यायची, वाहनवाल्याला ‘एंट्री’ द्यायची. पावती मिळत नाही, पण दर सगळ्यांना माहीत असतो. वार्षिक सभेत अहवालावर प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात तो किती जण वापरतात, हे सभेला गेलेल्यांना ठाऊक आहे.

इथवर पुस्तक आपल्याला उत्तर देऊ शकतं. ते म्हणेल, मूठभरांनी संस्था ताब्यात घेतली, समावेशक होती ती शोषक झाली. ठीक. पण खरी अडचण सभासदांच्या पलीकडे आहे. ऊस तोडतो कोण?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. पावसाळ्यात किंवा त्याआधीच मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. ती फेडायला चार-सहा महिने फडात राबायचं. कोपीत राहायचं, पहाटे कोयता घ्यायचा, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. एक दिवस चुकला की ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. कारखान्याचा लेखी करार मुकादमाशी किंवा वाहनमालकाशी असतो, मजुराशी नाही. मजूर आणि मुकादम यांच्यातला व्यवहार शब्दावर चालतो. आणि तो पाळला जातो! 14 दिवसांचा लेखी नियम हंगामामागून हंगाम मोडतो, त्यासाठी आंदोलनं करावी लागतात. उचलीचा न लिहिलेला नियम मात्र मोडणं जवळपास अशक्य. या हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामात फेडायची. कोणता कायदा इतका काटेकोर चालतो?

हे जुन्या, मागास गावगाड्याचे अवशेष आहेत आणि आधुनिकता आली की ते जातील, असं वाटू शकतं. याच लेखकांच्या ‘द नॅरो कॉरिडॉर’ (2019) या पुढच्या पुस्तकाचा सूर साधारण असाच आहे. पहिल्या पुस्तकातली उणीव त्यांनी ओळखली, हे मान्य करायला हवं. तिथे ‘रूढींचा पिंजरा’ ही कल्पना येते, भारतातल्या जातीवर एक प्रकरणही आहे. पण त्यांच्या मांडणीत पिंजरा आधीचा असतो. समाजाला तो वारशाने मिळतो आणि लोकशाही त्याच्याशी झगडते.

उचल तशी वारशाने आलेली नाही. मुकादमीची ही व्यवस्था कारखान्यांबरोबर वाढली. जसजसं गाळप वाढलं, तसतसा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या टनांनी ऊस तोडणारा हात लागू लागला. तो पगारी कामगार म्हणून नेमला तर हजेरी, विमा, भविष्य निर्वाह निधी, बाळंतपणाची रजा सगळं आलं. मधे मुकादम ठेवला की यातलं काहीच येत नाही. मजूर तरी उचल का घेतो? कारण दुसरं कर्ज मिळत नाही. सहकारी बँकेचं पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. कारखान्याचं सभासदत्वही उसाच्या जमिनीवर. ज्याच्याकडे जमीन नाही, किंवा आहे ती नावापुरती आणि कोरडवाहू, त्याच्यासाठी दोन्ही दारं एकाच कुलपाने बंद. म्हणजे अलिखित नियम लेखी नियमाच्या विरोधात उभा नाही. लेखी नियमाने आपलं दार जिथे लावलं, तिथूनच त्याची हद्द सुरू होते.

म्हणून ‘समावेशक की शोषक’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. एकच कारखाना, एकाच हंगामात, सभासदाला मालक करतो आणि तोडणी मजुराला कर्जात ठेवतो. दोन्ही खरं आहे. नोगालेसमध्ये कुंपण दिसतं. उसाच्या फडात बांधावर उभा शेतकरी आणि सरीत वाकलेली बाई यांच्यामध्ये काहीच दिसत नाही.

याचा अर्थ न लिहिलेलं सगळं वाईट असाही नाही. तोडणीचे दर संप, मोर्चे आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या नेत्यांच्या लवादातून वाढत आले. कामगार न्यायालयाने जे दिलं नाही, ते थोडंफार या ओळखीपाळखीच्या वाटाघाटींनी दिलं. पण नेता चांगला निघाला तर मिळणारी गोष्ट ही हक्क नसते.

या पुस्तकांत सर्वांत कमी दिसते ती बाई. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर, हिशेब जोडीचा, पैसे नवऱ्याच्या हातात. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कुठल्याही नियमात असं करा म्हणून लिहिलेलं नव्हतं. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात संडास नाही, पाणी नाही, पोट दुखलं तर समोर खासगी डॉक्टर. इतकं पुरेसं होतं.

हीच बाई मतदार आहे. ऐन हंगामात गावात निवडणूक लागली की टोळ्यांना न्यायला गाड्या फडापर्यंत येतात. त्या दिवशी तिचं मत चेअरमनच्या मताइतकंच मोजलं जातं. राजकारणात समता आणि रोजच्या जगण्यात विषमता, हा विरोध लोकशाहीला पोखरेल, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर 1949 मध्ये संविधान सभेत दिला होता. संस्थांचा सिद्धान्त शिकताना मला त्या भाषणाकडे परत जावं लागलं, कारण मतदार यादीत पूर्ण असलेली ही बाई मुकादमाच्या वहीत अर्धी आहे.

‘व्हाय नेशन्स फेल’ वाचा. नोट्स काढा, पेपरातही लिहा. पण उद्या त्यातलेच काही जण तहसीलदार, प्रांत, सहकार खात्यातले अधिकारी होतील. समोर कारखान्याची फाइल येईल, सगळे ठराव मंजूर, सगळ्या सह्या जागच्या जागी. त्या दिवशी कोपीपर्यंत जाऊन मुकादमाची वही मागायची. त्या वहीत किती नावं बायकांची आहेत, तेवढं मोजायचं.